परमुलखातला सण

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:५-१६, १ करिंथ. १६:५-९, लेवीय २३:३९-४३



या अंकासाठी माझ्याकडे पालीच्या नाताळ कार्यक्रमाचा वृत्तांत आणि छायाचित्रे मागितली होती. छायाचित्रे नाहीत, कारण यंदा पालीत कार्यक्रम केला नाही. नाताळसाठी तुम्ही पाठवलेले दान मात्र खर्च झाले आहे. ते कशावर झाले हे सांगणे माझे कर्तव्य आहे, आणि त्या निमित्ताने वरील शास्त्रभागांचा थोडा अभ्यास करू या.

आधी एक जुनी गोष्ट. मी मूळची नगर जिल्ह्यातली, राहुरी तालुक्यातली. आमच्याकडे नाताळ डिसेंबर लागला की सुरू होतो. कामट्यांचा तारा बांधून त्याला पतंगाचा कागद चिकटवायचा, घराला चुना द्यायचा, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरायचे, रात्री पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गात फिरायचे. पंचवीस तारखेला उपासना, मग मंडळीचे प्रीतिभोजन. आठ वर्षांपूर्वी मी पालीला आले. राजगडाचा पाली दरवाजा ज्या अंगाला उघडतो, त्या अंगाचे हे पायथ्याचे गाव. भाताचा मुलूख, पावसाळ्यात चार महिने धुके. माणसे चांगली, पण बोलण्याचा हेल वेगळा, जेवणात ज्वारी-बाजरीऐवजी भात. डिसेंबरात इथे कुणाच्याच दारात तारा नाही. राहुरी म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचा देश नव्हे, एका दिवसात जाऊन येता येते. तरी त्या पहिल्या डिसेंबरात मला परदेशात असल्यासारखे वाटले, हे खरे आहे.

मग मी ठरवले की नगरसारखा नाताळ इथेच करायचा. जवळच्या कातकरी वस्तीसमोर मांडव घातला, नसरापूरहून भांडी भाड्याने आणली, शंभर माणसांचा स्वयंपाक सांगितला, उंच बांबूवर तारा चढवला. चोवीस तारखेला आमंत्रण द्यायला वस्तीत गेले, तर खोपटांची दारे तारेने बांधलेली. उघडी घरे तीन, आणि त्यांत म्हातारी माणसे. दिवाळीनंतर वस्ती भट्टीवर जाते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर मीच लिहिले होते, ‘हंगामी स्थलांतर : होय.’ एक आजी ताऱ्याकडे बघत म्हणाली, “ताई, लगीन कुनाचं हाय?”

मला उत्तर देता आले नाही. जेवण गावात वाटले. छायाचित्रासाठी गावच्या शाळेतली चौदा मुले ताऱ्याखाली दाटीवाटीने उभी केली. त्यांत वस्तीतले एकही मूल नव्हते. ‘आदिवासी बालकांसोबत नाताळ’ असे खाली लिहून ते छायाचित्र मीच पाठवले. आपल्यातल्या काहींनी ते पाहून पुढच्या वर्षी जास्त दान दिले. ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या मनात टोचत राहिली आहे.

आता पौलाकडे पाहू. धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना ‘पौलाचे प्रवास’ हा आमचा पाठांतराचा विषय होता. नकाशावर गावे जोडायची आणि गुण मिळवायचे. त्या प्रवासांत त्याने आपले सण कुठे पाळले, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. पालीत आल्यावर सुचला.

प्रेषितांची कृत्ये २०:६ मध्ये लूक अगदी सहज एक तारीख देऊन जातो. बेखमीर भाकरीचे दिवस झाल्यावर ते फिलिप्पैहून तारवात बसून निघाले आणि पाच दिवसांनी त्रोवसास पोहोचले. म्हणजे तो सण पौलाने फिलिप्पैत असताना घालवला. फिलिप्पै म्हणजे काय, हे सोळाव्या अध्यायावरून आठवा. रोमी वसाहत. शब्बाथाला पौल प्रार्थनेची जागा शोधत गेला तो वेशीबाहेर, नदीकाठी. तिथल्या बहुतेक घरांना वल्हांडण म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी तारू त्या दिवसांनंतरच हलले. माझे म्हणणे एवढेच की, परमुलखात सेवा करणाऱ्याला आपल्या सणाची ओढ वाटली तर ते अविश्वासाचे लक्षण नाही. पौलाचे पंचांग त्याच्याबरोबर प्रवास करत होते.

पण हाच पौल गलतीकरांना रागे भरतो, कारण ते दिवस, महिने, ऋतू पाळू लागले होते (४:१०). कलस्सैकरांना सांगतो की सणावरून, अमावास्येवरून कुणाला तुमचा न्याय करू देऊ नका (२:१६). रोमकरांस १४ मध्ये दिवस मानणारा आणि न मानणारा अशा दोघांनाही जागा देतो. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. आपला सण आपण पाळणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या दारात तो रोवणे वेगळे. करिंथकरांशी बोलताना तो वल्हांडणाचा आणि खमिराचा दाखला देतो (१ करिंथ. ५:७-८), पण तो त्यांचे जुने पाप काढून टाकण्यासाठी. सणाचा अर्थ त्याने त्यांना दिला; यहूदी घरातला विधी त्यांच्यावर घातला नाही.

आणखी एक बारकावा पाहा. १ करिंथ. १६:८ मध्ये तो लिहितो की पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत मी इफिसात राहणार. कारण पुढच्याच वचनात आहे, तिथे कामाचे मोठे दार उघडले होते आणि विरोधकही पुष्कळ होते. पुढे प्रेषितांची कृत्ये २०:१६ मध्ये त्याच सणाला यरुशलेमेस पोहोचण्याची त्याला इतकी घाई आहे की तो इफिसला थांबतसुद्धा नाही. एका वेळी कामासाठी परमुलखात थांबला, दुसऱ्या वेळी घराकडे धावला. त्या दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर मासेदोनिया व अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेले दान होते (रोम. १५:२५-२६). अर्थात यरुशलेमेत पोहोचल्यावर त्याचे स्वागत कसे झाले हे आपल्याला ठाऊक आहे. मंदिरात त्याला धरले, जमाव जिवावर उठला. सणाला घरी गेलेल्या माणसाला घरच्यांनी ओळखलेच पाहिजे असे नाही.

आपल्या नगरच्या मंडळीच्या इतिहासातही या अभ्यासाला जोड मिळते. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि १८३१ साली त्यांच्या मिशनने नगरला ठाणे घातले. ही माणसे न्यू इंग्लंडमधली, प्युरिटन वळणाच्या मंडळ्यांतून आलेली. त्या वळणात नाताळ पाळण्याची चाल नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे त्या दिवसाला कायद्याने सुट्टी मिळाली ती १८५६ साली. मुंबई-पुण्याकडे आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचेही तेच. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ सालची. न्यू इंग्लंडच्या घरातला मोठा सण होता उपकारस्तुतीचा, पिके घरात आल्यानंतरचा. १८६३ साली अब्राहम लिंकन यांनी त्यासाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला.

आता आपल्या मंडळीच्या दिनदर्शिकेत तो चौथा गुरुवार शोधून पाहा. सापडणार नाही. हंगामाची उपासना आपल्याकडे आहे. वेदीपाशी ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पण ती आपापल्या गावच्या सुगीप्रमाणे होते, मॅसॅच्युसेट्सच्या सुगीप्रमाणे नाही. उलट जो नाताळ त्या पहिल्या मिशनऱ्यांच्या परंपरेत नव्हता, तो आज आपला सर्वांत मोठा सण आहे, आणि त्याचे नावच पोर्तुगीज. मी ज्याला ‘आमच्या नगरचा नाताळ’ म्हणून पालीत बांबूवर चढवला, त्यात नगरचे काय होते? कामट्या, पतंगाचा कागद, करंजी आणि ढोलकी. नगरच्या माणसांनी आपल्या हाताने घातले ते.

मग वस्तीच्या हाताला काय आहे? कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आमच्या वस्तीतली बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा स्पष्ट लिहिते. त्यांचा मोठा सण शिमगा. पावसाळ्यात जवळ पैसा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि दिवाळी झाली की ती फेडायला नवरा-बायकोच्या जोडीने वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जायचे. मुले बरोबर. पावसाच्या तोंडावर परत. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या अंगावर. शिमग्यालासुद्धा मुकादम सोडेल तोच घरी येतो. परमुलखात सण काढण्याचा अनुभव मला राहुरी सोडल्यावर आला. त्यांना तो दर वर्षी येतो, आणि त्याबद्दल कुणी अभ्यासलेख लिहीत नाही.

लेवीय २३ मध्ये मांडवांच्या सणाची आज्ञा आहे. पीक गोळा झाल्यावर सात दिवस आपले घर सोडून मांडवात राहायचे. कारण त्रेचाळिसाव्या वचनात दिले आहे. मिसरातून निघालेल्या पूर्वजांना देवाने मांडवांत राहायला लावले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. ते लोक मिसरात काय करत होते? चिखल आणि विटा (निर्गम १:१४). हा भाग मी अनेकदा शिकवला होता. पण भट्टीवर कच्च्या विटा रचून, वर उसाचे पाचट टाकून केलेल्या खोपटाच्या दारात उभी राहीपर्यंत माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या नव्हत्या.

तर, यंदाचा हिशेब. मांडव नाही, भाड्याची भांडी नाहीत. त्या पैशांतून वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि शाळेसाठी मागे ठेवलेल्या मुलांना ब्लँकेटे व दोन महिन्यांचे धान्य दिले. उरलेल्यातून जीपचे भाडे. पंचवीस डिसेंबरला पहाटे मी माझ्या खोलीत तारा लावला, एकटीने उपासना केली, गाणीही म्हटली. मग एका सहकारी ताईला घेऊन पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या भट्टीवर गेले, जिथे वस्तीतली सात घरे कामाला आहेत. मालकाची परवानगी आधी काढली होती. भट्टीला नाताळची सुट्टी नसते, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. लहान मुलांची वजने घेतली, लसीकरणाची कार्डे तपासली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे निरोप सांगितले. करंज्या नेल्या होत्या. “आज आमचा सण आहे, म्हणून आणल्या,” एवढेच बोलले. उपदेश केला नाही. छायाचित्रे काढली नाहीत, कारण काम करणाऱ्यांना त्याचा पुढे त्रास होऊ शकतो.

कुणी विचारील, मग वस्तीबरोबरचा नाताळ कधी? कदाचित कधीच नाही. सगळी घरे उघडतात ती पहिल्या पावसाआधी. तेव्हा वस्तीने बोलावले तर आपण सर्वांनी जेवायला यावे, असे मला वाटते. चूल त्यांची, बेत त्यांचा, आपण पाहुणे. तांदूळ आपण नेऊ. आजींना मी हे विचारले आहे. त्या म्हणाल्या, “पोरं येऊ दे, मंग सांगते.” तेव्हा तारीख अजून ठरलेली नाही.

भट्टीवरून निघताना त्या आजींची सून जवळ आली. “ताई, आज तुमचा सण. घरी कोन हाय मंग?” म्हटले, आई नाही, वडील एकटे आहेत, वर्षअखेरच्या उपासनेला जाणार आहे. ती खोपटात गेली आणि दोन मुठी सुकट फडक्यात बांधून घेऊन आली. “बापाला दे. धरनातलीच हाय.”

३१ तारखेला मी ती राहुरीला नेली. बाबांनी कांदा घालून परतायला लावली, आणि उपासनेला निघण्याआधी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. फडके धुऊन ठेवले आहे. परत द्यायचे आहे.