केमो चालू असताना काढे, अर्क कशासाठी?

प्रश्न : घरातल्या रुग्णाची केमोथेरपी चालू आहे, तरी नातेवाईक काढे आणि गोमूत्र अर्क सुचवतात. रुग्णालाही ते हवेसे वाटते. असे का होते? (एक वाचक, रावेत)

उत्तर : कर्करोगाचे रुग्ण पूरक उपचारांकडे वळतात, त्यामागे क्वचितच एकच कारण असते. मळमळ, थकवा, झोप न लागणे यांवर उतारा हवा असतो. केमोची भीती आणि खर्चाचा ताण असतो. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर मोजकीच मिनिटे देतात, वैद्य मात्र निवांत ऐकून घेतात. आयुर्वेद घरचाच वाटतो, शिवाय पथ्यपाणी सांभाळताना आजारावर आपलाही थोडा ताबा असल्याचे समाधान मिळते.

येथे ‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मूळ उपचारांसोबत केलेला योग पूरक होय. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगात त्याचा अभ्यास केला आहे. मूळ उपचार सोडून घेतलेले औषध पर्यायी. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. 2024 मध्ये हळद-कडुनिंबाने कर्करोग बरा झाल्याचा दावा गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी त्याला पुरावा नसल्याचे पत्रकाद्वारे स्पष्ट केले.

काही वनौषधी केमोच्या औषधांचा परिणाम बदलतात. धातुयुक्त भस्मांमुळे यकृत-मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून घेतली जाणारी प्रत्येक पुडी, काढा, अर्क कर्करोगतज्ज्ञांना सांगावा आणि ठरलेली केमो चुकवू नये. कर्करोग बरा करण्याच्या औषधांची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे.