केंद्र उघडण्याआधी

मानोरा, 9 जानेवारी 2026

चि. वैष्णवी,

मंगरुळपीरला तुझं आपले सरकार केंद्र सुरू होतंय, हे ताईनं कळवलं. प्रिंटर कोणता घ्यावा हे विचारलंस, त्यातलं मला कळत नाही. पण माझी सारी नोकरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेली, म्हणून दुसरंच सांगतो.

शेंदुरसनीचं वाचलंस ना? आपल्याकडून दिग्रस ओलांडलं की आर्णी तालुका, त्यातलं हे लहानसं गाव. 2025 च्या अखेरीस उघड झालं की दीडेक हजार वस्तीच्या या गावाच्या नावावर तीन महिन्यांत 27 हजारांवर जन्मनोंदी चढल्या. कपाटाचं कुलूप कुणी फोडलं नाही. नोंदी गावाच्या लॉगिनवरून झाल्या, बस.

तुझ्या लॉगिनवर तुझं नाव असेल. मदतीच्या पोराला ‘चार अर्ज भरून टाक’ म्हणून लॉगिन देऊ नकोस. मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली केंद्रं मी पाहिली आहेत. समोरच्या गिऱ्हाइकाला ती तुझ्याहून नीट दिसते.

खरी जोखीम साचते ती डाउनलोड फोल्डरमध्ये. पीक विम्याच्या दिवसांत जो तो आधार, पासबुक, सातबारा व्हॉट्सॲपवर टाकतो. अर्ज जातो, कागद तिथंच राहतात. वर्षभरात अर्ध्या तालुक्याची कुंडली एका पीसीत, आणि तो पीसी एक दिवस दुरुस्तीला जातो. म्हणून शटर ओढण्याआधी फोल्डर रिकामा कर, रिसायकल बिनही. व्हॉट्सॲप वेब बंद कर. बिघडलेल्या झेरॉक्स फाडून टाक, रद्दीत घालू नकोस. (भज्यांच्या पुडीवर मी लोकांचं पासबुक वाचलेलं आहे.)

अंगठ्याला सगळ्यात जास्त जप. आधारवरून पैसे काढताना आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढं पुरतं. ‘बोट लागलं नाही, पुन्हा ठेवा’ म्हणण्याआधी पहिला व्यवहार खरंच फसला का ते पडद्यावर पाहा. म्हाताऱ्या माणसाला रक्कम मोठ्यानं वाचून दाखव, पावती हातात दे. ज्यांना असे पैसे काढायचेच नसतात, त्यांचं बायोमेट्रिक लॉक करून दे. लागेल तेव्हा उघडता येतं. लॉजवर द्यायला आधार हवं असेल तर मास्क्ड छाप, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तू म्हणशील, मामा, एवढं करत बसले तर रांग शेजारच्या केंद्रात जाईल. थोडी जाईल. जाऊ दे.

आणि पैसे गेले म्हणून कुणी रडत आलं, तर ‘उद्या ठाण्यात जाऊ’ म्हणू नकोस. तिथल्या तिथं सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर 1930 लावून दे. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठली तरच हाती लागण्याची आशा असते. हा नंबर दरपत्रकाच्या वर लाव, रांगेतल्या शेवटच्या माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात.

तुझा,
मामा