खेळण्यातील मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर देऊळ येते, वाडा येतो, फार तर एखादी पोथी येते. खेळण्यातील मोटारीचा जीर्णोद्धार ही कल्पना काहींना थट्टेची वाटेल. परंतु दगडी देऊळ शतकानुशतके उभे राहते, चांगला हातकागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो; विसाव्या शतकाचे खास द्रव्य जे प्लास्टिक, ते मात्र चाळीस वर्षांतच पिवळे पडू लागते, तडकू लागते. आपल्या शतकाच्या खुणा जपावयाच्या असतील तर या द्रव्याचे वार्धक्य समजून घेणे प्राप्त आहे. त्यासाठी एक छोटेसेच उदाहरण घेऊ.

जपानमधील शिझुओका येथील टामिया या कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार विक्रीस आणली. १९८४ साली तिच्या ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ या एकास दहा प्रमाणाच्या गाड्या आल्या व जगभर मुलांच्या हाती पोहोचल्या. या गाड्या सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळत. पेटी उघडावयाची, सोबतचे माहितीपुस्तक पाहावयाचे आणि एकेक स्क्रू स्वतः आवळून गाडी उभी करावयाची, अशी ही पद्धत. म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्याही सारख्या राहत नसत. कुठे रंग ओघळलेला, कुठे चिकटचित्र तिरके बसलेले. प्रत्येकीवर जोडणाऱ्या हाताची खूण उमटलेली असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडेच परतावयाचे आहे.

आता या गाडीचे दुखणे पाहू. प्लास्टिक हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे, आणि त्यातील प्रत्येकाचे म्हातारपण वेगळे असते. ग्रासहॉपरचा टबासारखा सांगाडा एबीएस या प्लास्टिकचा आहे. यात ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन व स्टायरिन असे तीन घटक असतात. पैकी ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक त्याला चिवटपणा देतो. पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू प्रथम त्यावरच हल्ला करतात. परिणामी पांढरा भाग पिवळा पडतो आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो. हॉर्नेटची पातळ बॉडी पॉलिकार्बोनेटची असून ती आतल्या बाजूने रंगवतात. ती धक्का सोसते, पण स्क्रूच्या छिद्राभोवती ताण साठून तिला तडे जातात. नायलॉनचे भाग हवेतील ओलावा शोषून लवचीक राहतात आणि फार कोरडे झाले की मोडतात. रबरी टायरला हवेतील ओझोनमुळे बारीक भेगा पडतात.

उपचार करण्यापूर्वी निदान हवे. गाडीचा एकही स्क्रू काढण्याआधी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कोणता भाग कोठून निघाला ते लिहून ठेवावे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला एवढ्यावर बहुतेक मळ निघतो. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल यांना हात लावू नये. क्षणभराच्या स्वच्छतेसाठी प्लास्टिक कायमचे विरघळते वा तडकते. जपानी स्क्रूंच्या डोक्यावरील खाच जपानी मापाची असते. तिला साधा स्क्रूड्रायव्हर लावला तर खाच झिजते, म्हणून त्याच मापाचे हत्यार मिळवावे. स्क्रू परत बसवताना तो प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो हलकेच उतरल्याचे बोटांना जाणवते; मग सुलटा आवळावा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडून छिद्र सैल होते. कोरड्या पडलेल्या नायलॉनच्या भागाला गरम पाण्यात ठेवून काही अंशी लवचीकपणा परत देता येतो. परंतु ज्याची रेणुसाखळीच तुटली आहे, त्याला पाणी जीवदान देऊ शकत नाही.

जुने सेल आत राहून फुटले असतील तर तेथे पांढरा क्षार जमलेला दिसतो. तो दाहक असतो. हातमोजे घालून, पातळ केलेल्या व्हिनेगरने तो पुसावा. निकेल-कॅडमियमची जुनी बॅटरी मात्र कचऱ्यात टाकू नये, कारण कॅडमियम विषारी आहे.

पिवळे पडलेले एबीएस पांढरे करण्याची एक युक्ती २००८ पासून हौशी लोकांत रूढ झाली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ती वस्तू अतिनील प्रकाशात ठेवतात. रंग उजळतो, हे खरे. पण हे द्रावण त्वचेला व डोळ्यांना इजा करते, ते असमान लागले तर पट्टे उमटतात, आणि पुष्कळदा पिवळेपणा परतही येतो. मुख्य म्हणजे त्याने प्लास्टिकची गेलेली ताकद परत येत नाही. केसांना कलप लावल्याने वय कमी होत नाही, तसाच हा प्रकार.

येथवर तंत्राचा भाग झाला. खरा पेच यापुढे आहे. २००४ साली हॉर्नेट आणि २००५ साली ग्रासहॉपर कंपनीने पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे नवे सुटे भाग उपलब्ध झाले. आता सांगाडा बदला, बॉडी बदला, टायर बदला. गाडी नव्यासारखी होते. पण मग ती जुनी गाडी राहिली काय?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाविषयी असेच विचारतो. दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे त्या भागांच्या आधारे दिलेले एक नाव आहे, असा निष्कर्ष तेथे निघतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे ठीक. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला रथाच्या नावापेक्षा त्याच्या चाकावरची माती महत्त्वाची वाटते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांसाठी जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी दोन येथेही लागू पडतात : जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवा भाग एकूण रचनेशी जुळूनही मुळापासून वेगळा ओळखू यावा.

म्हणून व्यवहारात असा विवेक करावा असे सुचवावेसे वाटते. गाडी धावती हवी असेल, तर ज्या भागांवर धक्का व भार येतो ते नवे घालावेत; त्यांच्या आतल्या बाजूस बदलल्याचे वर्ष लिहावे. काढलेला भाग तुटका असला तरी चिठ्ठी लावून जपावा. गाडी केवळ जतन करावयाची असेल, तर ती उन्हापासून व उष्णतेपासून दूर, चाकांवर भार न देता ठेवावी, आणि मळापलीकडे काही काढू नये. दोन्ही परिस्थितींत ते तिरके चिकटचित्र व तो ओघळलेला रंग यांना हात लावू नये. कारखाना नवा सांगाडा पुन्हा ओतू शकतो; १९८४ सालच्या एखाद्या मुलाने घाईघाईने चिकटवलेला तो आकडा मात्र कोणत्याही साच्यातून पुन्हा निघणार नाही.