२५ एच७ म्हणजे नेमके किती?

बाजारहत्नूर

चि. पुतण्यास,


आयटीआयला टर्नर ट्रेड मिळाल्याचे कळले. घरी सगळ्यांना आनंद झाला. ड्रॉइंगवर ‘२५ एच७’ असे काही आले की गाडी अडते, असे तू फोनवर म्हणालास. तिथे बहुतेकांची अडते. शाळेत २५ म्हणजे २५ असते, कारखान्यात तसे नसते.

बरोबर २५ मिलिमीटरचे भोक जगात कोणालाच पाडता येत नाही. ड्रिल थरथरते, टूल झिजते, जॉब तापतो. म्हणून डिझाइन करणारा दोन हद्दी आखून देतो. २५ एच७ म्हणजे भोक २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत कितीही चालेल. यातला कॅपिटल एच सांगतो की खालची हद्द थेट मूळ मापावर आहे. सात हा आकडा दोन हद्दींमधला पट्टा, म्हणजे टॉलरन्स, किती रुंद ते सांगतो. तोच सात १० मिलिमीटरच्या भोकाला १५ मायक्रॉन देतो आणि ५० च्या भोकाला २५. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे तक्ते भारतात आयएस ९१९ या मानकात आहेत आणि ते आयएसओ २८६ या जागतिक मानकाला धरून आहेत. म्हणूनच पुण्यात कापलेला शाफ्ट जर्मनीत पाडलेल्या भोकात बसतो.

पण भोक एकटे काही करत नाही. त्यात काय बसणार, हा खरा प्रश्न. शाफ्टाचे अक्षर स्मॉल असते. त्याच २५ एच७ भोकात जी६ शाफ्ट घातला, तर तो २४.९८० ते २४.९९३ असतो, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन मोकळीक राहते. तेल पसरते, शाफ्ट सरकतो, फिरतो. पी६ घातला तर तो २५.०२२ ते २५.०३५; कुठलीही जोडी घे, शाफ्ट भोकापेक्षा मोठाच. तो प्रेसवर दाबूनच बसवावा लागतो. के६ या दोघांच्या मधला, २५.००२ ते २५.०१५. तो कधी किंचित सैल निघेल, कधी किंचित घट्ट. म्हणून तक्त्यात बोट ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हा जोड फिरायचा आहे, नुसता नेमक्या जागी बसायचा आहे, की पकडून ठेवायचा आहे?

पकडून ठेवणारा जोड आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेला आहे. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव चाकापेक्षा थोडी लहानच करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होते, फुगते, लाकडी चाकावर चढते आणि पाणी ओतले की आवळते. ना खिळा, ना वेल्डिंग.

कारखान्यात बेअरिंग तापवून चढवतात ते याच तत्त्वावर. मोटारींत सर्रास सापडणारे ६२०५ बेअरिंग घे. आतले भोक २५, बाहेरचा व्यास ५२. इथे एक खोच आहे. बेअरिंगच्या भोकाचा पट्टा एच७ सारखा वर जात नाही, खाली जातो: २४.९९० ते २५.०००. त्यामुळे जो के६ शाफ्ट एच७ भोकात कधी सैल, कधी घट्ट बसत होता, तोच बेअरिंगमध्ये नेहमी घट्टच बसतो, २ ते २५ मायक्रॉनने. तेच हवे असते. आतली रिंग शाफ्टाबरोबर फिरते. ती सैल राहिली तर शाफ्टावर घसरत राहते आणि त्याला खाऊन टाकते. बाहेरची रिंग बहुधा स्थिर असते, म्हणून हाउसिंगला ५२ एच७ देतात. तिला सरकायला जागा राहते आणि शाफ्ट तापून लांबला तरी बेअरिंगवर ताण येत नाही. बेअरिंग ८० अंशांनी तापवले की २५ चे भोक सुमारे २३ मायक्रॉन मोठे होते आणि बेअरिंग बहुतेक वेळा हाताने चढते. साधे बेअरिंग १२५ अंशांपुढे नेऊ नये, आणि गॅसची ज्योत तर त्यावर कधीच धरू नये.

हे माहीत नसले की काय होते, ते थ्रेशरच्या हंगामात कुठेही दिसते. शाफ्ट झिजला, बेअरिंग सैल झाले, की मिस्त्री शाफ्टावर सेंटर पंचाने ठिपके मारतो. ठिपक्यांच्या कडा वर येतात, बेअरिंग घट्ट बसल्यासारखे वाटते, सोयाबीनचे खळे निघते. पण रिंग टेकलेली असते फक्त त्या कडांवर. त्या लवकरच चपट्या होतात आणि खेळ पुन्हा सुरू. डब्याचा पत्रा घालण्याचीही तीच गत. रीतसर उपाय म्हणजे ती जागा वेल्डिंगने भरून पुन्हा मापात कापणे, किंवा स्लीव्ह चढवणे. खर्च एकदाच येतो.

आता मापाविषयी. ज्या व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर आहे, त्याने २१ मायक्रॉनचा पट्टा तपासणे व्यर्थ आहे. पट्टा आणि उपकरणाची एक रेघ जवळपास सारखीच. शाफ्टाला मायक्रोमीटर, भोकाला बोअर गेज. माल खूप असेल तर गो, नो-गो प्लग गेज: एक टोक २५.००० चे, ते आत गेलेच पाहिजे, दुसरे २५.०२१ चे, ते जाता कामा नये. गेज हाताने घालायचे, ठोकायचे नाही.

मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. ५० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट ६० अंशांवर लेथवरून उतरला आणि तसाच मोजला, तर थंड झाल्यावर तो २३ मायक्रॉनने लहान भरतो. ५० एच७ चा सगळा पट्टा २५ मायक्रॉनचा! आदिलाबादच्या मे महिन्यात पोलादी गेज आणि पोलादी जॉब दोघेही सारखेच फुगतात, म्हणून निभावते. अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग मात्र दुप्पट फुगते. ४५ अंशांवर ५२ चे भोक पोलादी गेजपेक्षा सुमारे १५ मायक्रॉन मोठे होते, म्हणजे पट्ट्याचा निम्मा भाग नुसत्या उन्हाने गेला.

बहुतेक ठिकाणी भोक एच ठेवून शाफ्ट बदलतात, याचे कारण साधे आहे. भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर ठरावीक मापाचा येतो. प्रत्येक प्रकारच्या जोडासाठी वेगळा रीमर आणि वेगळे गेज घेणे परवडत नाही. शाफ्ट मात्र लेथवर किंवा ग्राइंडरवर हवा तेवढा उतरवता येतो. नुसत्या ड्रिलने एच७ मिळत नाही. २०० ते ३०० मायक्रॉन राखून भोक पाडायचे आणि मग रीमर फिरवायचा.

शेवटी खर्चाचे. बिजागरीच्या पिनेला एच११ पुरतो, २५ ला १३० मायक्रॉन. उलट डिझेल इंजिनाच्या पंपातले प्लंजर आणि बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनच जागा असते. इतके नेमके सुटे सुटे करता येत नाही, म्हणून ते एकमेकांशी घासून जोडीनेच विकतात आणि जोडी फोडायची नसते. गरजेपेक्षा बारीक टॉलरन्स मागणारा मालकाचे पैसे घालवतो, ढिला देणारा मशीन घालवतो.

तेव्हा १० ते ५० मिलिमीटरपर्यंत एच७, जी६, के६ आणि पी६ यांचे आकडे वहीत उतरवून पाठ कर, आणि सरांकडून मायक्रोमीटर मागून घेऊन वर्कशॉपमधले रोज पाच तुकडे मोज.

तुझे,
काका