विजेच्या तारेतून इंटरनेट : वेग कुठे गळतो?

प्रश्न : पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरचा वेग संध्याकाळी पडतो. महागडा संच घ्यावा का? – एक वाचक, कल्याण

उत्तर : घाई नको. दोष बहुधा संचात नाही, वायरिंगमध्ये आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर हा संच साधारण २ मेगाहर्ट्झच्या वरचे संदेश चढवतो आणि त्याच पट्ट्यात स्वस्त एलईडी दिवे, चार्जर गोंगाट करतात. दिवेलागणीला तो वाढतो. स्पाइकगार्डमधला फिल्टर संदेशच गिळतो. म्हणून अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये आणि चार्जर स्पाइकगार्डवर लावा. घरात थ्री-फेज असेल, तर दोन्ही अ‍ॅडॉप्टर एकाच फेजवर घ्या. नवे संच अर्थिंगची तारही वापरतात, त्यांचा फायदा होणारच, असे कोणी म्हणेल. होतो, पण अर्थिंग धड असेल तरच. तेव्हा आधी वायरमनकडून तेच तपासून घ्या.