घर-अंगणाची डागडुजी : मृगापूर्वीची व मृगानंतरची

बीड शहर मागे टाकून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की बालाघाटाची चढण लागते. ती चढून गेल्यावर मांजरसुंबा येते. येथून केज-अंबाजोगाईकडे आणि पाटोद्याकडे जाणारे रस्ते फुटतात. श्री मन्मथस्वामींचे समाधिस्थान असलेले कपिलधार येथून जवळच आहे. या डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी एका अंगाने बिंदुसरेकडे, तर दुसऱ्या अंगाने मांजरेकडे धावते आणि दोन्ही वाटांनी अखेर गोदावरीला मिळते. माथ्यावर मात्र ते फारसे थांबत नाही. बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी पाऊस वेळेवर व सारखा पडेल याची शाश्वती नसते. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई आजच्या पिढीने पाहिली आहे.

या परिसरातील गृहजीवनाला आणखी एक वळण आहे. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घर सोडतात व गाळप हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे गावी परततात. म्हणजे घर वर्षातील पाच-सहा महिने बंद असते किंवा वृद्धांच्या हाती असते. सुधारणेची कामे उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत व पावसाळ्याच्या उघडिपीत उरकावी लागतात. घर व अंगण सुधारण्याचा विचार करताना कोणते काम करावे, याइतकाच ते केव्हा करावे हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

कामाचा क्रम

सर्वसाधारण अनुभव असा, की गावी परतताच हाती चार पैसे असतात म्हणून वैशाखात सिमेंटचे काम काढले जाते. त्या वेळी विहिरी तळाला गेलेल्या असतात व पिण्याचे पाणीही टँकरने येत असते. सिमेंटचे काम किमान सात दिवस, शक्य तर त्याहून अधिक, सतत ओले राहिले पाहिजे. पाणी न मिळाल्यास ओटा भुरभुरतो, टाकीला तडे जातात आणि खर्च वाया जातो. दोष सिमेंटला दिला जातो. वस्तुतः चूक हंगामाची असते.

म्हणून कामाची वाटणी करणे हिताचे असते. खोदाई, दगडगोटे जमविणे, माळवदाची माती बदलणे, पत्रे घट्ट करणे, पन्हळी बसविणे ही कोरडी कामे मृगापूर्वी करावीत. टाकीचा गिलावा, न्हाणीची फरशी, ओटा ही पाणी मागणारी कामे चांगले एक-दोन पाऊस झाल्यावर, उघडीप पाहून घ्यावीत. झाडे लावण्याचे कामही त्याच वेळचे.

माळवद : ओझे उतरविणे आधी

मराठवाड्यातील जुन्या घराचे माळवद उन्हाळ्यात थंडावा देते. खांब, तुळया व कड्या यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि त्यावर माती अशी त्याची रचना असते. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत आहे. मात्र जुना थर न काढता दरवर्षी नवा थर चढविला, तर माळवद जाड होत जाते. चार मीटर रुंद व पाच मीटर लांब खोलीवर केवळ दहा सेंटिमीटर माती वाढली, तरी ती दोन घनमीटर भरते. तिचे वजन तीन टनांहून अधिक होते. पावसाने भिजल्यावर ते आणखी वाढते.

या ओझ्याचा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे महाराष्ट्राला कळला. किल्लारी परिसरातील भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड छपरे कोसळून बहुतेक माणसे गाडली गेली. बीड हा त्याच भागाचा शेजारी जिल्हा होय. त्यानंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी ज्या सूचना केल्या, त्यांत माळवदावरील जादा माती उतरविणे ही एक प्रमुख सूचना होती. हे काम घरच्या माणसांना करता येण्याजोगे आहे.

प्रथम आतून तुळयांना टेकू द्यावेत. तुळईचे भिंतीत गेलेले टोक व खांबाचा बुडखा टोचून पाहावा. वाळवी लागलेली असल्यास किंवा तुळई वाकलेली असल्यास सुताराला दाखविल्याशिवाय वर चढू नये. माती काढताना ती दोन्ही बाजूंनी सारखी काढावी, एका कोपऱ्यात ढीग घालू नये. काम चालू असताना खोलीत कोणी थांबू नये. शेवटी मातीचा एकूण थर वीतभराहून अधिक राहू नये. मधल्या थरात जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरला, तर गळती थांबविण्यासाठी मातीचे ओझे वाढविण्याची गरज उरत नाही. उतार पन्हळीकडे असावा आणि सवण्याभोवतीचा काठ उंच करून घ्यावा.

पत्र्याच्या घराची अडचण उलटी असते. येथे ओझे नसते, पण वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडण्याची भीती असते. त्यांवर दगड ठेवणे हा उपाय नव्हे. उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही खाली येतो. पत्रे आकड्यांनी आडव्या वाशांना आणि वासे खांबांना पक्के जखडलेले असावेत. बंद राहणाऱ्या घराबाबत ही काळजी जाण्यापूर्वीच घ्यावी.

भिंत आणि जोते

जुनी दगडी भिंत एकसंध दिसली, तरी अनेकदा तिचे आतले व बाहेरचे असे दोन पदर असतात आणि मध्ये माती व खडीची भर असते. त्यात पाणी मुरले की पदर सुटतात व भिंत फुगते. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे लांब दगड भिंतीत ठरावीक अंतरावर असणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. फुगलेल्या भिंतीत ते बसविण्याचे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. घरच्या माणसांनी पाणी भिंतीपासून दूर ठेवावे. पन्हळ भिंतीच्या बाहेर हातभर काढावी. ती जेथे पडते तेथे फरशी किंवा चपटे दगड बसवावेत. जोत्याभोवती मुरूम ठोकून बाहेरच्या दिशेला उतार द्यावा. मातीच्या गिलाव्यात भुसा किंवा गव्हांडा मिसळून तो काही दिवस कुजू दिल्यास भेगा कमी पडतात.

छपरावरचे पाणी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर पंचवीस मिलिमीटरचा एक पाऊस झाला, तर पाचशे लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता चारशे लिटर हाती लागते. म्हणजे दोनशे लिटरच्या दोन टाक्या एकाच पावसात भरतात. साडेसहाशे मिलिमीटरच्या वर्षात याच हिशेबाने सुमारे दहा हजार लिटर पाणी त्या एका पत्र्यावरून वाहते.

पहिल्या पावसाचे पाणी पत्र्यावरील धूळ व विष्ठा घेऊन येते. ते बाहेर सोडून द्यावे. नंतरचे पाणी जाड फडक्यातून किंवा जाळीतून टाकीत घ्यावे. टाकीचे तोंड पूर्ण झाकलेले असावे, अन्यथा आठवड्याभरात तेथे डासांची पैदास होते. हे पाणी पिण्यासाठी वापरावयाचे झाल्यास गाळून, उकळून वा शुद्ध करूनच वापरावे. माळवदावरचे पाणी गढूळ असते. ते जनावरांच्या धुण्यास व झाडांना उपयोगी पडते.

न्हाणीचे पाणी

टंचाईच्या गावातही रस्त्यावर सांडपाणी वाहताना दिसते, ही विसंगती आहे. त्यावर शोषखड्डा हा स्वस्त उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे व डास यांपासून सुटका करून घेतल्याची उदाहरणे राज्यात परिचित आहेत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून हा विषय ग्रामपंचायतींपुढे आहे.

एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा साधारण कुटुंबाला पुरतो. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम गोटे व वर बारीक खडी भरावी. खडीच्या मध्यभागी, बुडाला छिद्रे पाडलेले मडके ठेवून त्यात नारळाच्या शेंड्या किंवा गवत घालावे. केस, अन्नाचे कण व साबणाचा मळ त्यात अडकतो. ही गाळणी वरचेवर बदलणे हाच या खड्ड्याच्या दीर्घायुष्याचा उपाय होय. खड्डा भिंतीपासून तीन मीटर व विहीर किंवा हातपंपापासून पंधरा मीटर तरी दूर असावा. शौचालयाचे पाणी यात कदापि सोडू नये.

जागा निवडण्यापूर्वी छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी भरावे, ते मुरू द्यावे व पुन्हा भरून पाहावे. तासाभरात पाणी बोटभरही उतरले नाही, तर तेथे काळी चिकण माती किंवा कातळ आहे असे समजावे. अशा ठिकाणी शोषखड्ड्याचा हट्ट न धरता पाणी चरातून परसबागेला द्यावे. मुरमाड जमिनीत मात्र तो उत्तम चालतो.

अंगणातील झाडे

जे घर हिवाळाभर बंद राहते, तेथे रोज पाणी मागणारी बाग टिकत नाही. शेवगा, कढीपत्ता व सीताफळ ही झाडे येथे अधिक उपयुक्त ठरतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. हे झाड उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची गरज कमी करते, पावसाबरोबर पालवते आणि त्याची फळे बहुतांशी कुटुंब बाहेर पडण्याच्या सुमारास हाती येतात. ज्या घरी माणसे बारमाही राहतात, त्यांनी न्हाणीच्या पाण्यावर केळी, पपई व अळू लावण्यास हरकत नाही. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन मात्र सर्वांनीच करावे.

ग्रामपंचायत व शाळा

ही कामे घरची असली, तरी त्यांना सार्वजनिक बाजू आहे. एका घराने शोषखड्डा घेऊन गल्ली कोरडी होत नाही. सलग दहा घरांनी घेतला तर होते. रोजगार हमीतून अशी कामे पूर्वी घेतली गेली आहेत. पाडव्यानंतरच्या ग्रामसभेत, कुटुंबे गावी असताना, गल्लीनिहाय यादी करणे त्यासाठी सोयीचे असते. धोकादायक माळवदांची पाहणीही त्याच वेळी व्हावी. शाळेतील मुलांना आपल्या घराचे छप्पर मोजून त्यावरील पाण्याचा हिशेब करण्यास सांगितले, तर गणिताचा पाठ घरापर्यंत पोहोचतो.

वर्षातील निम्मा काळ परगावी कोपीत काढणाऱ्या कुटुंबाला आपले घर म्हणजे केवळ निवारा नसतो. परत येताना ते घर उभे असावे, छप्पर हलके व कोरडे असावे आणि दारातील झाड जगलेले असावे, एवढी त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. योग्य हंगामात, योग्य क्रमाने केलेले श्रम त्याला पुरेसे आहेत.