आठवी आज्ञा आणि हरवलेले बाळ

खोटी साक्ष कोर्टातच दिली जाते, असे आपण समजतो. ऑस्ट्रेलियात उलुरू येथे १७ ऑगस्ट १९८० रोजी तंबूतून नऊ आठवड्यांची अझारिया नाहीशी झाली. डिंगो या रानटी कुत्र्याने तिला नेले, असे आई लिंडी चेंबरलेन सांगत होती. लोक म्हणाले, आई रडत कशी नाही? (आपणही मयताच्या घरी कोण किती रडले ते पाहतोच.) बाळाच्या नावाचा अर्थ ‘रानातला बळी’ अशी अफवा उठली, खरा अर्थ ‘देवाने साहाय्य केले’. १९८२ साली आईला जन्मठेप झाली. १९८६ साली बाळाचे जाकीट डिंगोंच्या बिळांच्या परिसरात सापडले, ती सुटली. १९८८ साली निर्दोष ठरली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोची नोंद व्हायला मात्र २०१२ साल उजाडले.